खड्ड्याचा ब्रास आणि गाडीचा ब्रास: खदानीच्या मोजमापावर वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं गिट्टी आणि मुरमाच्या खदानींवरच आहेत, त्यातही भांडण एकच, माल नेमका किती निघाला. म्हणून पूर्ण सदर त्यालाच देतोय. नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, तर कोणाचंच छापत नाही.

प्रश्न: नमस्कार भाऊ. आमच्या गावच्या ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवर मागच्या दिवाळीनंतर नवी गिट्टी खदान सुरू झाली. वाहतूक पासांची बेरीज केली तं २१०० ब्रास होते. गावच्या पोरांनी सीझनभर फाट्यावर बसून हायवा (टिप्पर) मोजले, त्यांचं म्हणनं ३४०० ब्रास गेला. मंग मोजणीवाले आले, मशीन लावून खड्डा मोजला, त्यांचा आकडा १९००. आता खदानवाला ग्रामसभेत म्हणते का बघा, मी तं खड्ड्याहून जास्तच रॉयल्टी भरली. खरं कोनाचं धरावं?
— ग्रामपंचायत सदस्य, जि. यवतमाळ

भाऊ, तिन्ही आकडे एकाच वेळी जवळपास खरे असू शकतात आणि तरीही खदानवाल्याचं म्हणणं टिकत नाही. मोजणीवाल्यांनी मोजला तो खड्डा, म्हणजे जमिनीत होता तसा ठोस, अखंड दगड. पास निघतो तो गाडीवर, म्हणजे फोडलेल्या, मधेमधे हवा असलेल्या मालावर. ब्रास दोन्हीकडे १०० घनफुटांचाच, म्हणजे २.८३ घनमीटर, पण त्या १०० घनफुटांत दगड किती आणि पोकळी किती हे वेगळं. गाठीतला कापूस मोकळा केला की खोलीभर होतो, तसं हे.

आकड्यात सांगतो. आपल्याकडचा काळा दगड, बेसाल्ट, अखंड असताना घनमीटरला २.८ ते २.९ टन भरतो, म्हणजे खड्ड्याचा एक ब्रास जवळपास आठ टन. तोच क्रशरमधून गिट्टी होऊन गाडीत पडला की घनमीटरला दीड टन, फार तर १.६, म्हणजे गाडीचा एक ब्रास सव्वाचार ते साडेचार टन. भागाकार करा, खड्ड्याच्या एका ब्रासातून गाडीचे पावणेदोन ते जवळपास दोन ब्रास निघतात. नुसता सुरुंग लावून बोल्डर भरले असतील तर फुगवटा थोडा कमी, दीडपट किंवा किंचित वर.

कोणी ऐकत नसेल तर ग्रामसभेतच करून दाखवा, काहीच लागत नाही. १५ लिटरची रंगाची रिकामी बादली घ्या, २० एमएमच्या गिट्टीने काठोकाठ भरा आणि वर फळी फिरवून सपाट करा. मग लिटरच्या मापाने पाणी ओतत जा आणि किती मावलं ते मोजत जा. साडेसहा लिटरच्या आसपास पाणी आत जिरतं आणि मगच काठावर दिसतं. म्हणजे बादलीत दगड साडेआठ लिटरचाच होता, बाकी पोकळी. पंधराला साडेआठने भागलं की पावणेदोन येतात, आणि हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे मग कोणाला पुस्तक दाखवायची गरज पडत नाही.

आता तुमचा हिशोब. खड्ड्याच्या १९०० मधून आधी वरची माती आणि मुरूम वजा करा, तो माल बहुतेक बाजूलाच ढीग मारून पडलेला असतो. समजा तो २०० ब्रास. राहिले १७००, त्याला १.८ ने गुणलं की ३०६० ब्रास गाडीचे. पास २१०० चे. फरक ९६० ब्रास, आणि ब्रासमागे ६०० रुपये स्वामित्वधन (रॉयल्टी) धरलं तर ५ लाख ७६ हजार. क्रशरवर न विकलेली गिट्टी आणि चुरी (दगडाची भुकटी) किती शिल्लक आहे तीही यातून वजा करावी लागेल, म्हणून लगेच चोरी झाली असं म्हणू नका, पण लेखी प्रश्न विचारायला एवढं भरपूर आहे.

पोरांचा ३४०० चा आकडा मला थोडा फुगलेला वाटतो, आणि तरी त्यांच्या मेहनतीची मला फार किंमत आहे, कारण गाड्यांच्या फेऱ्या दुसऱ्या कोणीच मोजल्या नाहीत. पाहा, फेऱ्या मोजणं सोपं, एका फेरीत किती हे अवघड. गाडीचा डाला आतून टेपने मोजा. १५ फूट लांब, साडेसात रुंद, ४ उंच असेल तर ४५० घनफूट, साडेचार ब्रास. पण कधी शीग लावून भरतात, कधी मागच्या फाळक्याकडे उतरती भरतात, आणि रस्त्याने हादरे बसून माल खाली दबतो तो वेगळाच. अजून एक, दहा चाकी गाडीला २०१८ पासून भरल्या गाडीसकट साडेअठ्ठावीस टनांची मर्यादा आहे. रिकामी गाडीच अकरा-बारा टनांची, म्हणजे कायद्याने सोळा-सतरा टन माल, गिट्टीचे चार ब्रासही नाही. आता डाला साडेचारचा, तो वर शीग लावून भरलेला आणि पास चाराच्या आतला असेल तर पोरांच्या आणि पासांच्या बेरजेत फरक कुठून पडला त्याचा बराचसा उलगडा इथेच होतो.

मोजणी अहवाल मागताना तीन गोष्टी लेखी घ्या. आकडा ठोस ब्रासचा की मोकळ्या मालाचा, फुगवट्याचा गुणक किती धरला, आणि माती-मुरूम वेगळा दाखवला की नाही. पासाविना माल गेल्याचं सिद्ध झालं तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, त्यामुळे तहसीलमध्ये जाताना बेरीज तोंडी नको, कागदावर न्या.

प्रश्न: एक ब्रास गिट्टी म्हणजे किती टन? आमच्याकडे एक दुकानदार चार सांगतो, दुसरा पाच.
— जि. भंडारा

दोघंही आपापल्या मालापुरते बरोबर असू शकतात. तुमच्याकडचा दगड यवतमाळ-अमरावतीसारखा बेसाल्ट नाही, पूर्व विदर्भात ग्रॅनाइट आणि नाईस (पट्टेदार खडक) जातीचा दगड जास्त, तो अखंडच घनमीटरला २.६५ ते २.७ टन, म्हणजे मुळात थोडा हलका. त्यात एकाच मापाची २० एमएम असेल तर पोकळी जास्त, चुरी मिसळलेली असेल तर पोकळी भरून वजन वाढतं. वर सांगितलेली बादली ताणकाट्याला लटकवा (आधी रिकामी तोलून घ्या), किलोला १५ ने भागा म्हणजे घनमीटरचे टन आले, त्याला २.८३ ने गुणा म्हणजे ब्रासचे. दर खदानीसाठी एकदा करून ठेवायचं.

प्रश्न: मी क्रशरवर हिशोब पाहतो. मालक म्हणतात रोजचं उत्पादन लिहा. विक्रीच्या काटापावत्या आहेत, लोडर ऑपरेटर बकेट मोजतो, बेल्टवर काटा बसवायचा विचार चालू आहे, आणि मालकांचे जावई म्हणतात लाईट बिलावरून काढा. चारीतून चार आकडे निघतात. विश्वास कशावर ठेवायचा?
— जि. अमरावती

विश्वास वजनकाट्यावर, बाकी तिघांना त्याच्यावर तपासायला ठेवा. पण आधी एक गोष्ट, विक्री म्हणजे उत्पादन नाही. दिवसाची विक्री, अधिक संध्याकाळचा शिल्लक ढीग, वजा सकाळचा ढीग, हे उत्पादन. बहुतेक क्रशरवर चुरीचा ढीग सहा-सहा महिने पडून असतो आणि तो हिशोबात कोणी धरत नाही, मग वर्षअखेरीला खड्डा आणि विक्री जुळत नाही आणि आळ येतो मुनीमावर. मला याचा खरोखर राग येतो, कारण दोष माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो.

ढीग मोजायला मशीन नको. गोल शंकूसारखा ढीग असेल तर पायथ्याभोवती दोरी फिरवून परीघ घ्या, उंचीसाठी एक माणूस बांबू घेऊन ढिगाशेजारी उभा करा आणि दुसऱ्याने लांबून शेंड्याशी नजर लावा. परीघ गुणिले परीघ गुणिले उंची, भागिले ३७.७, सगळं फुटात. परीघ १०० फूट आणि उंची १२ फूट असेल तर ३१८३ घनफूट, म्हणजे जवळपास ३२ ब्रास. गिट्टी आपोआप ३५ ते ४० अंशांच्या उतारावर थांबते, त्यामुळे १०० फूट परिघाच्या ढिगाची उंची कोणी २० फूट सांगितली तर मापात गडबड आहे हे जाग्यावरच कळतं. लांबट ढीग असेल तर मधला भाग त्रिकोणी वळईसारखा आणि दोन टोकं मिळून एक शंकू असं तोडून मोजा.

काट्याचं म्हणाल तर वैधमापन खात्याचा शिक्का चालू मुदतीचा आहे का ते पहा आणि रिकाम्या गाडीचं वजन दर फेरीला घ्या. वर्षभरापूर्वीचं रिकामं वजन कॉम्प्युटरमध्ये सेव्ह करून तेच वापरत राहतात हे चूक आहे, डिझेलची टाकी, डाल्याला चिकटलेला चिखल, बदललेले टायर, सगळं त्यात येतं. पावसाळ्यात भिजलेली चुरी टनामागे ७०-८० किलो पाणी सहज धरते, तेव्हा जुलैच्या टनांची एप्रिलच्या टनांशी तुलना करू नका.

लोडरचं बकेट हे अंदाजाचंच माप. सलग काही गाड्या काट्यावर तोलून एका बकेटची सरासरी काढा, आणि ऑपरेटर बदलला की परत काढा, कारण एकजण घासून भरतो आणि दुसरा शीग लावून. बेल्टवरचा काटा चांगला, पण त्याच्यावर धूळ साचते, बेल्ट ढिला होतो, शून्य सरकतं. आधी तोललेला एक टिप्परभर माल त्याच्यावरून सोडून आकडा जुळतो का हे नेमाने पाहणार असाल तरच पैसे घाला.

आणि लाईट बिल. जावईबापूंची सूचना मला आवडली, पण उत्पादन मोजायला नाही, शंका घ्यायला. काटा आणि ढीग दोन्ही नीट ठेवलेल्या एका महिन्याचं युनिटमागे किती टन हे तुमच्याच क्रशरचं प्रमाण काढून ठेवा. पुढे एखाद्या महिन्यात युनिट तेवढेच आणि टन एकदम कमी दिसले तर विचारायचं, का. जबड्याचा क्रशर रिकामा फिरत राहिला, जाळ्या झिजल्या, किंवा माल काट्यावर न जाता गेला. जनरेटरवर चालवलेले तास मात्र यात धरावे लागतात, आणि शेजारच्या खदानीचा दगड तुमच्या क्रशरवर फुटत असेल तर तोही वेगळा लिहा. या चारांपैकी कोणतीही पद्धत फक्त क्रशर मोजते, खदान नाही.

प्रश्न: आमच्या खदानीत जवळजवळ रोज दुपारी ब्लास्टिंग होते. होल मोजून माल किती निघाला हे कळते का?
— शिक्षक, जि. वाशिम

कळतं, आणि ही फार कामाची पद्धत आहे, लोक तिचा विचारच करत नाहीत. एका होलामागे, म्हणजे सुरुंगासाठी पाडलेल्या एका भोकामागे, सुटणारा दगड म्हणजे कडेपासूनचं अंतर गुणिले दोन होलांमधलं अंतर गुणिले खोली. मोठ्या ड्रिलचे होल समजा अडीच मीटर बाय तीन मीटरवर आणि सहा मीटर खोल, तर एका होलाला ४५ घनमीटर, जवळपास १६ ठोस ब्रास. हातमशीनचे एक मीटर बाय एक मीटरवर आणि दीड मीटर खोल असतील तर होलामागे दीड घनमीटर, अर्धा ब्रास. हा ठोस ब्रास, गाडीचा नाही, हे विसरू नका. प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होतं, कधी दगड मागून जास्त तुटतो, कधी बुडखा तसाच राहतो.

पण सर, तुम्ही किंवा शाळेची पोरं होल मोजायला खदानीत जाऊ नका. उरलेला न फुटलेला सुरुंग दिसत नाही. स्फोटकांची रीतसर नोंदवही ठेवावी लागते, तिथे किती किलो वापरले ते असतं, स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं, पेसोचं, मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. स्फोटकांचा खप आणि पासांचे ब्रास यांचं प्रमाण महिन्यामहिन्याला ताडून पहा अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावातून खनिकर्म विभागाकडे करता येते.

प्रश्न: रस्त्याच्या कामासाठी ठेकेदार माझ्या वावरातला मुरूम मागतो आहे, ब्रासवर पैसे देतो म्हणतो. घरी मोजणारं कोणी नाही. मी एकटीने कसं मोजू?
— शेतकरी महिला, जि. वर्धा

ताई, अजून खोदायला सुरुवात झाली नाही हे फार चांगलं झालं, अर्धं काम आत्ताच होतं. पहिलं, परवानगी त्याने काढलीय का ते तहसीलमधून तपासा, नाहीतर दंडाची नोटीस सातबाऱ्यावर नाव असलेल्याला येते. दुसरं, करारात स्पष्ट लिहून घ्या, पैसे खड्ड्याच्या ब्रासवर की गाडीच्या. मुरूम खणला की साधारण सव्वापट फुगतो, त्यामुळे तोच दर गाडीच्या ब्रासवर मिळाला तर तुम्हाला जास्त मिळतात. ठेकेदार खड्ड्यावरच अडून बसला तर दर तेवढा वाढवून मागा.

खड्ड्यावर ठरलं तर खोदताना मधेमधे मूळ जमिनीचे दोन-तीन बुंधे तसेच सोडायला लावा, वर गवतासकट. ते साक्षीदार. काम संपल्यावर त्यांच्या माथ्यापासून तळापर्यंत टेप सोडला की खोली कळते, आणि जमीन मुळात किती उंच होती यावर वाद राहत नाही. मोजून झाल्यावर ते बुंधेही तो उचलून नेईल, त्याचा मुरूमही धरा.

मग लांबी-रुंदी. खड्डा वर मोठा आणि खाली लहान असतो. समजा वर १०० बाय ८०, तळाला ८० बाय ६०, खोली १० फूट. नुसतं वरचं माप धरलं तर ८०० ब्रास येतात, नुसतं तळाचं धरलं तर ४८०. ठेकेदाराचा माणूस तळात उभा राहून टेप लावेल आणि ४८० सांगेल, तिथे सावध राहा. वरचं क्षेत्र ८००० आणि खालचं ४८००, सरासरी ६४००, गुणिले १०, म्हणजे ६४० ब्रास. इंजिनिअर लोक मधलं माप घेऊन अजून बारीक काढतात, ते ६३३ येतं. सात ब्रासच्या फरकासाठी डोकं खपवू नका, पण ४८० वर सही अजिबात करू नका. आणि मोजणी पाऊस पडायच्या आत, कारण पहिल्याच पावसात कडा ढासळून तळ वर येतो आणि तुमचे पैसे त्या गाळाखाली जातात.

प्रश्न: मी सिव्हिल डिप्लोमा झालो आहे, मोजणीची कामं घेतो. जुन्या खदानीची मोजणी आहे. टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) करू की ड्रोनने? अर्धा खड्डा पाण्याने भरलाय, आणि सुरुवातीची लेव्हल कोणाकडेच नाही.
— जि. बुलढाणा

तुझ्या तीन अडचणींत यंत्राची निवड सगळ्यात छोटी आहे. टोटल स्टेशन मिलिमीटरमध्ये मोजतं खरं, पण ज्या पॉइंटवर प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच) धरला तेवढाच पॉइंट. पायऱ्यापायऱ्यांच्या खदानीत प्रत्येक पायरीची वरची धार आणि खालचा पायथा दोन्ही घेतले नाहीत तर सॉफ्टवेअर सरळ उतार ओढतं आणि शेकडो ब्रास इकडचे तिकडे होतात. उभ्या कड्याखाली माणूस उभा करणं धोक्याचं, तिथे ड्रोन सरस, लाखो पॉइंट मिळतात. पण जमिनीवरचे खुणेचे पॉइंट नीट घेतले नाहीत तर सगळं मॉडेलच वर-खाली सरकतं. एक हेक्टरच्या खड्ड्यात सगळीकडे ५ सेंटिमीटरची चूक म्हणजे ५०० घनमीटर, जवळपास १७७ ब्रास. बाभूळ आणि रायमुनिया वाढलेल्या कडेवर ड्रोन झाडाचा शेंडा मोजतो, तिथे टोटल स्टेशनच लाव. मी दोन्ही मिळून करीन.

पाणी ही खरी अडचण. ड्रोनला पाण्याचा पृष्ठभागच दिसतो. अर्ध्या हेक्टरवर ३ मीटर पाणी असेल तर १५,००० घनमीटर, म्हणजे ५३०० ब्रास अहवालातून गायब. काही खदानी मोजणीच्या वेळी नेमक्या भरलेल्या असतात, तेव्हा पाणी उपसायला लाव किंवा मेपर्यंत थांबू असं लेखी दे. घाईच असेल तर बोटीतून लाइफ जॅकेट घालून ठरावीक अंतरावर वजन बांधलेली दोरी सोडून खोली घे. काठावरून अंदाज लिहू नकोस.

सुरुवातीची लेव्हल, म्हणजे खोदण्याआधी जमीन किती उंच होती ते, नसणं हे सगळ्यात वाईट. पठारावरची खदान असेल तर चारी बाजूंच्या न खोदलेल्या कडांच्या लेव्हल घेऊन मूळ जमीन जोडता येते, चूक फार होत नाही. टेकडीच कापली असेल तर कडा काहीच सांगत नाहीत. टोपोशीटवर (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर) उंचीच्या रेषा बहुतेक ठिकाणी २० मीटरवर एक, त्यातून ब्रास निघत नाहीत. फेब्रुवारी २००० मधला एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळयानातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा, डेटा फुकट मिळतो, पण त्याचा एक ठोकळा ३० मीटरचा आणि उंचीत काही मीटरची चूक, मोठी टेकडीच गेली असेल तरच थोडाफार कामाचा. जुन्या उपग्रह फोटोंवरून खदान कोणत्या साली किती पसरली हे मात्र छान दिसतं, ते अहवालाला जोड. आणि मग एकच आकडा देऊ नकोस, कमीत कमी एवढे आणि जास्तीत जास्त एवढे असं लिही, मूळ जमीन कशी धरली तेही लिही. कोणी दबाव आणला तरी दोन्ही आकडे ठेव, कारण पुढे त्यावर कोणाला तरी दंड लागणार आहे किंवा कोणी तरी सुटणार आहे.

जायच्या आधी खदानीच्या हद्दीबाहेर, टिप्पर फिरत नाही अशा जागी काँक्रीटचा एक पिलर पुरून त्यावर लेव्हलची खूण कर, दुसरी खूण गावातल्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर घे, दोन्हींचे फोटो आणि आकडे ग्रामपंचायतीच्या दफ्तरात दे. पुढच्या मोजणीला तुझ्यासारखाच कोणी येईल, त्याला निदान सुरुवात सापडेल.